कोलाडचा रॅम्प: रेल्वेवर चढलेल्या ट्रकांचा हिशेब

रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून कोलाड आहे. तिथल्या रेल्वे स्थानकात एक चढण बांधलेली आहे, सगळे तिला रॅम्प म्हणतात. रॅम्पच्या तोंडाशी सपाट, बिनभिंतींच्या वाघिणींची (मालडब्यांची) लांबलचक रेक लागते आणि मालाने भरलेले ट्रक एकामागून एक तिच्यावर चढतात. पहिला ट्रक सगळ्या वाघिणी पार करत पार पुढच्या टोकाला जातो, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. डाव्या-उजव्या बाजूला जागा जेमतेम, त्यामुळे ड्रायव्हर मान बाहेर काढून इंचाइंचाने गाडी पुढे घेतो. जागेवर पोचला की चाकांखाली ठोकळे लागतात, साखळ्या आवळल्या जातात, इंजिन बंद होतं. ड्रायव्हर आणि क्लीनर मात्र उतरत नाहीत. ते केबिनमध्येच बसून वा आडवे होऊन गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत किंवा कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत जातात.

ही कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे रोल-ऑन रोल-ऑफ सेवा: ट्रक चालवत चढवायचा, पलीकडे चालवत उतरवायचा. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा या ४१७ किलोमीटरवर ती सुरू झाली, पुढे सुरतकलपर्यंत वाढली. देशात अशी ही पहिलीच. वाहतुकीचं प्रदूषण कमी करण्याच्या चर्चेत आपल्याकडे मेट्रो आणि विजेवरच्या बस यांचा विषय लगेच निघतो, मालवाहतुकीचा फारसा निघत नाही. पाव शतकाहून जास्त काळ चाललेला हा प्रयोग म्हणूनच मला बारकाईने पाहावासा वाटला. तो का जमला, कुठे अडला आणि २०२५ च्या गणपतीत तो मोटारींसाठी वापरायला गेल्यावर काय झालं, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

रूळ होते, माल नव्हता

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० ची. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री आणि ई. श्रीधरन प्रकल्पाच्या प्रमुखपदी, असा योग जुळून आला होता. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. उरलेला बराच पैसा रोख्यांतून, म्हणजे कर्जाने उभा राहिला. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, ७४१ किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला.

कर्ज फेडायचं तर मालवाहतूक हवी. भारतीय रेल्वे प्रवाशांवर कमावत नाही, कोळसा, लोखंड, सिमेंट आणि धान्य यांवर कमावते. कोकणात मात्र कोळशाच्या खाणी नाहीत. आंबा, काजू, मासळी यांनी रेक भरत नाहीत. मग माल नव्हताच का? भरपूर होता. गुजरात आणि मुंबईकडून गोवा, मंगळूर, केरळकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग १७ वरून, म्हणजे आताच्या ६६ वरून, रेल्वेच्या जवळजवळ समांतर धावत होते. माझं लहानपण या महामार्गालगत गेलं. रात्री घाट चढणाऱ्या ट्रकचा पहिल्या गिअरमधला तो घोगरा आवाज आणि उतरताना जळलेल्या ब्रेक लायनरचा वास मला आजही आठवतो.

या मालाने रेल्वेवर का यावं? सुट्या मालाला रेल्वे गैरसोयीची पडते. वीस-पंचवीस व्यापाऱ्यांचा माल भरलेला ट्रक भिवंडीतून निघतो तो थेट मडगावच्या गोदामापुढे उभा राहतो. तोच माल रेल्वेने न्यायचा तर आधी ट्रकने स्थानकावर न्या, उतरवा, वाघिणीत भरा, पलीकडे पुन्हा उतरवा, पुन्हा ट्रकमध्ये भरा. हमाली दुप्पट, फुटतूट जास्त, वेळ किती लागेल याची खात्री नाही. पर्यावरणासाठी म्हणून असा तोटा कोणता वाहतूकदार सोसेल?

कोकण रेल्वेने इथे एक साधी आणि मला फार शहाणी वाटणारी गोष्ट केली. माल रेल्वेवर आणण्याचा हट्ट सोडून तिने आख्खा ट्रकच उचलला. व्यापाऱ्याला काहीच बदलावं लागलं नाही. गोदाम तेच, ड्रायव्हर तोच, ताडपत्रीची गाठसुद्धा सुटत नाही. बदललं ते फक्त मधलं अंतर, आणि नेमकं तेच सगळ्यात त्रासाचं होतं. त्यात कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट होते, अरुंद पूल होते, पावसाळ्यातल्या दरडी होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बससकट वाहून गेला, तो याच रस्त्यावर.

ट्रकमालकाच्या बाजूने पाहिलं तर रो-रोचं भाडं भरूनही हातात काही उरतं. डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाटातला ब्रेक आणि क्लचचा खर्च वाचतो, अपघाताची जोखीम टळते. शिवाय ड्रायव्हरची झोप होते. हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. रात्रभर घाटातून गाडी हाकून सकाळी उतरणारा ड्रायव्हर आणि रात्रभर गाडीवरच विसावलेला ड्रायव्हर यांच्यात पुढच्या दोनशे किलोमीटरवर रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा फरक आहे.

तांत्रिकदृष्ट्याही हा मार्ग सोयीचा होता. सपाट वाघिणीवर ट्रक चढला की त्याची उंची साडेचार मीटरच्या घरात जाते. देशातल्या जुन्या मार्गांवर रेल्वेवरून जाणारे रस्त्यांचे पूल, जुने बोगदे आणि विजेच्या तारा यांच्याखालून एवढी उंची जाईलच असं नाही. कोकण रेल्वे नवी होती, तिचे बोगदे प्रशस्त होते आणि सुरुवातीला तारा नव्हत्याच. तरीही चढण्याआधी प्रत्येक ट्रकचं वजन आणि उंची तपासावी लागते, कारण बोगद्यात एका ट्रकचा वर आलेला माल घासला तर संपूर्ण मार्ग बंद.

प्रदूषण खरंच किती वाचतं?

इथे मी स्वतः हिशेब मांडून पाहिला. आकडे अंदाजाचे आहेत, पण कशावरून धरले ते सांगतो, म्हणजे कुणालाही बदलून बघता येतील.

दहा चाकी ट्रक धरू, मालासकट २५ टन. त्यात ट्रकचं स्वतःचं वजन १० टन, माल १५ टन. घाटरस्त्यावर तो लिटरला ४ किलोमीटर देतो. कोलाड ते वेर्णा रस्त्याने ४४० किलोमीटर धरले तर ११० लिटर डिझेल लागतं. असे ४० ट्रक म्हणजे ४,४०० लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ४० ट्रकांचा धूर झाला पावणेबारा टनांच्या आसपास.

आता हेच ट्रक गाडीवर. रिकाम्या वाघिणीचं वजन सुमारे २४ टन. ४० वाघिणी, त्यांवर ४० ट्रक आणि पुढे इंजिन, मिळून २,१०० टनांच्या आसपास. एवढं वजन ४१७ किलोमीटर ओढायला, हजार टन एक किलोमीटर न्यायला ३ लिटर डिझेल धरलं तर, सुमारे २,६०० लिटर लागतील. बचत १,८०० लिटरची, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं तेव्हा घर्षण रबरी टायरच्या मानाने फारच थोडं. शिवाय रेल्वेचे चढ घाटरस्त्यासारखे उभे नसतात. बचत येते ती या दोन कारणांनी.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. विजेचं इंजिन असेल तर हजार टन-किलोमीटरला ८ युनिट धरून सुमारे ७,००० युनिट वीज लागेल. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, तरी युनिटमागे ०.७२ किलो धरलं तर कार्बन डायऑक्साइड ५ टनांच्या आसपास येतो. रस्त्याच्या निम्म्याहूनही कमी. सौर आणि पवनविजेचा वाटा वाढत जाईल तसा हा आकडा ट्रकमालकाने काहीही न करता आपोआप खाली येईल. विद्युतीकरणाचा हा फायदा लोकांच्या पुरेसा लक्षात आलेला नाही असं मला वाटतं. (२५ हजार व्होल्टची तार डोक्यावर असताना कुणी ताडपत्री सारखी करायला मालावर चढणार नाही, ही शिस्त मात्र प्राणपणाने पाळावी लागते.)

हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. १५ टन माल न्यायला आपण १० टनांचा ट्रक आणि २४ टनांची वाघीण, असं ३४ टन जादा लोखंड ओढतो आहोत. म्हणून ही बचत सगळी भरलेल्या गाडीवर टिकून आहे. ४० वाघिणींवर फक्त १६ ट्रक चढले तर? गाडीचं वजन होतं १,४८० टनांच्या आसपास आणि डिझेल लागतं सुमारे १,८५० लिटर. ते १६ ट्रक रस्त्याने गेले असते तर १,७६० लिटर जळलं असतं. म्हणजे वाचलं तर काहीच नाही, वर थोडं जास्तच लागलं. माझ्या आकड्यांप्रमाणे डिझेल इंजिनावर १७-१८ ट्रकांच्या खाली ही सेवा पर्यावरणाच्या दृष्टीने तोट्यात जाते. विजेच्या इंजिनाला ही मर्यादा बरीच खाली येते, पण नाहीशी होत नाही.

यामुळे परतीच्या फेरीचा प्रश्न महत्त्वाचा होतो. दक्षिणेकडे माल भरून जाणारे ट्रक जास्त आणि येताना कमी असतील, तर एका दिशेने कमावलेलं दुसऱ्या दिशेने गळतं. किती लिटर डिझेल वाचलं याचे आकडे अशा सेवांबद्दल जाहीर होत असतात. त्यांच्याबरोबर प्रत्येक दिशेने किती वाघिणी रिकाम्या गेल्या हेही छापलं पाहिजे, नाहीतर त्या आकड्यांवरून काही कळत नाही.

२०२१ चा एप्रिल

कोलाडला जे वर्षानुवर्षं चाललं होतं त्याची खरी किंमत देशाला करोनाच्या दुसऱ्या लाटेत कळली. महाराष्ट्रात प्राणवायू संपत आला होता आणि तो होता विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. रस्त्याने टँकर यायला वेळ लागणार होता. तेव्हा रो-रोच्या पद्धतीने द्रवरूप प्राणवायूचे टँकर रेल्वेवर चढवायचं ठरलं. टँकरची उंची आडवी आली. बरेच प्रकार मोजून पाहिल्यावर ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर १,२९० मिलिमीटर उंचीच्या वाघिणीवर बसतो असं दिसलं. १९ एप्रिलच्या रात्री कळंबोलीहून ७ रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस निघाली. घाटातल्या तारा आणि पुलांखालून ही उंची जात नव्हती, म्हणून जवळचा मार्ग सोडून ती वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळसा घालून गेली. परतताना ३ टँकर नागपूरला उतरले, ४ नाशिकला.

त्या आठवड्यात ज्यांच्या घरात कुणी खाटेवर होतं त्यांना या सात टँकरांचं मोल सांगायला नको. माझा मुद्दा इतकाच की उंची मोजणं, साखळ्या आवळणं, रॅम्प लावणं हे तंत्र त्या दिवशी कुणाला नव्याने शोधावं लागलं नाही. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये बेंगळुरूजवळचं नेलमंगला ते सोलापूरजवळचं बाळे अशीही रो-रो गाडी सुटली होती. समर्पित मालवाहतूक मार्गावर पालनपूर ते रेवाडी दुधाचे टँकर रेल्वेवरून जाऊ लागले, तीही हीच कल्पना.

गणपतीला मोटार घेऊन

२०२५ मध्ये कोकण रेल्वेने हीच सोय मोटारींसाठी जाहीर केली. गणपतीला चाकरमानी गावी निघाले की महामार्गाचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि अजून सलग रस्ता मिळालेला नाही. कल्पना म्हणून ही योग्यच होती: २० वाघिणी, ४० मोटारी, सोबत प्रवाशांसाठी डबा, संध्याकाळी कोलाडहून निघून पहाटे वेर्णा. भाडं मोटारीमागे ७,८७५ रुपये. प्रवाशांचं तिकीट वेगळं, तृतीय वातानुकूलितचं ९३५ रुपये आणि मोटारीमागे जास्तीत जास्त तिघे. निदान १६ मोटारी आल्या तरच गाडी सुटेल अशी अट होती. तरी पहिली फेरी २३ ऑगस्टला निघाली ती मोजक्याच मोटारी घेऊन.

लोकांना पर्यावरणाची पर्वा नाही, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. मला तो पटत नाही. गिरगाव-लालबागच्या एखाद्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरात माणसं पाच, डब्यात जागा तिघांना. मग उरलेल्या दोघांनी काय करायचं? ४४० किलोमीटरला लिटरमागे १५ च्या हिशेबाने पेट्रोल साधारण ३,००० रुपयांचं लागतं. रो-रोने मोटार आणि तीन तिकिटं मिळून १०,६८०. त्यात कोलाडला पोचायला मुंबईहून पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे हा कोंडीचा पट्टा स्वतःच गाडी चालवून पार करायचा, वर गाडी सुटण्याच्या तीन तास आधी हजर राहायचं. आणि गाव जर चिपळूण, संगमेश्वर किंवा राजापूरकडे असेल तर उतरायला जागाच नाही. मागणी झाल्यावर कणकवलीजवळ नांदगावला थांबा दिला गेला, त्याने सिंधुदुर्गाची सोय झाली, रत्नागिरी जिल्हा तसाच राहिला. गणपती तर बहुतेकांचा गावी असतो, वेर्ण्याला नसतो.

वजनाचा हिशेबही इथे कच्चा आहे. २४ टनांच्या वाघिणीवर दोन मोटारी म्हणजे अडीच-तीन टन. चाळीसच्या चाळीस जागा भरल्या तरी डिझेल इंजिनावर बचत थोडीच होते, आणि चार-पाच मोटारींसाठी गाडी सोडली तर पर्यावरणाचं नाव घेता येत नाही. त्या कुटुंबाने खरं तर रेल्वेने गावी जावं आणि स्थानकावर एसटी मिळावी, हेच सगळ्यात कमी धुराचं. पण गणपतीची आरक्षणं काही मिनिटांत संपतात, आणि रात्री दोनला वैभववाडीला उतरल्यावर गावापर्यंत जायला काही नसतं. लोक मोटार काढतात ती त्यामुळे.

ट्रकांच्या बाबतीत रेल्वे वाहतूकदाराच्या खर्चाच्या वहीतून विचार करत होती. मोटारींच्या वेळी तेवढा विचार झाला नाही.

एकच रूळ

मग ट्रकांची ही सेवा दुप्पट-चौपट का होत नाही? मुख्य कारण रुळांचं आहे. रोहा ते वीर हे सुमारे ४७ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, बाकी जवळजवळ सगळा मार्ग एकेरी. समोरून गाडी आली की एकीने स्थानकात बाजूला उभं राहायचं, आणि उभी राहते ती अर्थातच मालगाडी. वंदे भारत आणि तेजस जायच्या, मग मांडवी, कोकणकन्या जायच्या, तेव्हा कुठे रो-रो. गणपती आणि मे महिन्यात जादा गाड्यांनी मार्ग गच्च भरतो. पावसाळ्यात वेगमर्यादा असते आणि ती असायलाच हवी. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यात जे रेल्वे अपघात झाले ते कोकणाने सोसलेले आहेत.

दुसरीकडे महामार्ग रुंद होतोय. कशेडीचा बोगदा झाला, परशुराम घाट रुंद झाला. ट्रकचा वेळ वाचेल तसं रो-रोकडे येण्याचं कारण कमी होईल. रस्ता चांगला होऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही, त्या रस्त्यावर माझ्या ओळखीची माणसं गेली आहेत. पण सरकारी पैसा रस्त्यावर ओतला जातो आणि समांतर रेल्वेचा दुसरा रूळ कर्जबाजारी महामंडळाने स्वतःच्या कमाईतून घालावा अशी अपेक्षा असते, हे मला अन्यायाचं वाटतं. स्वित्झर्लंडने देशभरातल्या जड ट्रकांवर २००१ पासून वजन आणि अंतर यांवर कर लावला आणि त्यातला मोठा वाटा रेल्वेच्या बोगद्यांकडे वळवला. आपल्याकडे टोल रस्त्याचा खर्च भरून काढायला असतो, घाटातल्या धुराचा आणि अपघातांचा खर्च त्यात कुठेच मोजला जात नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्रानेही कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. त्यातून दुहेरीकरणाला पैसा मिळेल अशी आशा आहे. मिळाला तर सगळ्या मार्गाची वाट न बघता जिथे गाड्या सगळ्यात जास्त खोळंबतात ते टप्पे आधी घ्यावेत. रो-रोला रोजची ठरलेली वेळ द्यावी, कारण ट्रकमालकाला दोन तास उशिरा पोचलेलं चालतं, पण कधी पोचणार हे माहीत नसलेलं चालत नाही. चिपळूण किंवा रत्नागिरीच्या आसपास एक रॅम्प बांधावा. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर घाटातून येतात-जातात, त्यांच्यासाठी सुरक्षिततेचे नियम तपासून काही करता येईल का हे पाहावं. आणि परतीच्या वाघिणी रिकाम्या जात असतील तर त्या दिशेचं भाडं धीटपणे उतरवावं. तसंही ते २४ टनांचं लोखंड उत्तरेकडे ओढावंच लागणार आहे. त्यावर एक ट्रक चढला, अगदी निम्म्या भाड्यात चढला, तरी घाटात जळणारं त्याचं ११० लिटर डिझेल वाचतं.